आस्कंद, थायरॉईडची गोळी आणि पहाटे तीनची जाग

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मी ४४ वर्षांची असून नागपुरातील एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. सहा वर्षांपासून मंदावलेल्या थायरॉईडसाठी थायरॉक्सिन या थायरॉईड संप्रेरकाची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी रोज सकाळी घेते. मागच्या दिवाळीपूर्वी केलेली तपासणी ठीक आली होती. मार्चअखेरचे काम, ठेवीदारांची बोलणी आणि सासूबाईंचा वाढता विसराळूपणा यांमुळे चिडचिड होऊ लागली, मान आखडू लागली, रात्री लवकर झोप लागेना. फेब्रुवारीत मुलाने पुण्याहून अश्वगंधाच्या, म्हणजे आस्कंदाच्या, गमी (चघळायच्या गोड गोळ्या) पाठवल्या. त्यांत प्रत्येकी ३०० मिलिग्रॅम अर्क आहे आणि मी रोज दोन घेते. फारसा फरक न पडल्याने मार्चमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्काच्या कॅप्सूल दोन वेळा सुरू केल्या. गुढीपाडव्यापासून जाऊबाई इतवारीतून आणलेली जटामांसीची पूड रात्री दुधातून देतात. तरीही एप्रिलच्या मध्यापासून छातीत धडधडते, सही करताना हात थरथरतो, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही, उकाडा सहन होत नाही. जेवण नेहमीसारखेच असून वजन तीन किलो उतरले, तेवढाच एक फायदा. दोन वेळा सासूबाईंची झोपेची अर्धी गोळी घेतली. हे सगळे नैसर्गिक असल्याने डॉक्टरांना सांगितले नाही. यांपैकी कशाचे प्रमाण वाढवावे? माझे यजमानही याच गमी घेऊ लागले आहेत. त्यांना रक्तदाब व मधुमेह आहे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. कशाचेही प्रमाण वाढवू नका. गमी आणि कॅप्सूल आजपासून बंद ठेवा, जटामांसीही थांबवा. थायरॉईडची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद किंवा कमी करू नका. येत्या दोन-तीन दिवसांत आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा, घेत असलेल्या सर्व डब्या सोबत न्या आणि थायरॉईडची तपासणी करून घ्या. धडधड अनियमित वाटू लागली, छातीत दुखले, दम लागला किंवा चक्कर येऊन पडल्यासारखे झाले, तर दोन-तीन दिवसही न थांबता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एवढे घाईने सांगण्याचे कारण आपल्याच पत्रातील तारखांत आहे. फेब्रुवारीत आपल्याला होणारा त्रास म्हणजे चिडचिड, आखडलेली मान आणि अंथरुणाला पाठ टेकल्यावर तासभर झोप न लागणे. मार्चअखेर जवळ आलेल्या शाखाधिकाऱ्याला हा त्रास झाला तर त्याला ताणच म्हणावे लागेल. एप्रिलच्या मध्यापासून सुरू झालेला त्रास मात्र त्याच त्रासाची वाढलेली पायरी नाही. तो वेगळाच आहे. हाताची थरथर, धडधड, नेहमीचे जेवण असूनही उतरलेले वजन आणि इतरांपेक्षा अधिक जाणवणारा उकाडा ही लक्षणे एकत्र आली की शरीरात थायरॉईड संप्रेरक गरजेपेक्षा जास्त झाले आहे का, हा प्रश्न कोणत्याही डॉक्टरांच्या मनात प्रथम येतो. आपण या दोन याद्या एकाच खात्यात जमा केल्या आणि ताण वाढला असे समजून औषधही वाढवले. आपला दोष त्यात फारसा नाही, कारण नागपूरचा एप्रिल-मे असा असतो की उकाडा सहन होत नाही असे कोणी म्हटले तर त्याला तपासणी करा असे सांगण्याचे कोणाला सुचत नाही. आणि वजन उतरले की आपल्याकडे अभिनंदनच होते.

आपले निदान मी पत्रावरून करत नाही, करूही शकत नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी रजोनिवृत्तीच्या आधीच्या काळात अंगातून वाफा निघणे, धडधडणे आणि झोपमोड हे प्रकार होतात. रक्तातील हिमोग्लोबिन घटले तरी छाती धडधडते. म्हणूनच टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारे संप्रेरक; थायरॉईड संप्रेरक वाढले की ते उतरते) आणि फ्री टी-फोर (रक्तातील मोकळे थायरॉक्सिन) यांच्यासोबत हिमोग्लोबिन आणि गरज वाटल्यास ईसीजी काढायचा का, हे डॉक्टरांना ठरवू द्या.

आता अश्वगंधा आणि थायरॉईड यांचा संबंध काय, ते पाहू. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थायरॉईडची क्रिया किंचित मंदावलेल्या ५० व्यक्तींपैकी काहींना आठ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम अश्वगंधामुळाचा अर्क आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांच्या रक्तातील थायरॉईड संप्रेरके वाढली आणि टीएसएच खाली आले. ज्याची ग्रंथी मंद आहे आणि जो गोळी घेत नाही, त्याच्यासाठी ही बातमी कदाचित चांगली असेल. आपल्यासाठी ती सावधगिरीची आहे. आपली ७५ मायक्रोग्रॅमची मात्रा तपासणी करून, कमी-जास्त करून, सोनाराच्या तराजूवर ठरवावी तशी ठरवलेली आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आणि थायरॉक्सिनची मात्रा १२.५ मायक्रोग्रॅमने बदलली तरी कित्येकांना फरक जाणवतो. त्या पारड्यात त्याच दिशेने ढकलणारी दुसरी वस्तू आपण फेब्रुवारीपासून टाकत आहात आणि ज्यांनी वजन केले त्यांना त्याचा पत्ता नाही.

ही वस्तू किती टाकत आहात, याचाही हिशेब करू. पतसंस्थेतील माणसाला तो आवडेल. दोन गमींचे ६०० आणि दोन कॅप्सूलचे १००० मिळून रोज १६०० मिलिग्रॅम अर्क होतो. ज्या चाचण्यांचा दाखला जाहिरातींत दिला जातो, त्यांतील मात्रा बहुधा २४० ते ६०० मिलिग्रॅमच्या दरम्यान होती. शिवाय अर्क आणि चूर्ण यांत लोक नेहमी गल्लत करतात. आपल्याकडे आस्कंद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुळाचे चूर्ण वैद्य तीन ते सहा ग्रॅम दुधातून देत आले आहेत. अर्क म्हणजे त्याच मुळातील विथानोलाइड्स नावाची द्रव्ये एकवटून काढलेला सार. त्यामुळे आजी चमचाभर आस्कंद घ्यायची आणि आपण तर एवढीशी कॅप्सूल घेतो, ही तुलना उलटी पडते.

याचा अर्थ अश्वगंधा कुचकामी आहे असा कृपया करून घेऊ नका. मी औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले आणि काष्ठौषधींची थट्टा करणारे तसेच त्यांची आरती ओवाळणारे, दोन्ही प्रकारचे सहकारी पाहिले. दोघांनीही वाचन कमीच केलेले असे. या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातील ‘सोम्निफेरा’ या शब्दाचा अर्थच झोप आणणारी असा आहे. २०१२ मध्ये भारतात झालेल्या एका चाचणीत दीर्घकाळ ताणाखाली असलेल्या ६४ जणांना ६० दिवस अभ्यासले गेले. दिवसातून दोनदा ३०० मिलिग्रॅम अर्क घेणाऱ्यांचा ताण प्रश्नावलीवर कमी दिसला आणि रक्तातील कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाणही उतरले. त्यानंतरच्या आणखी काही लहान चाचण्यांतूनही झोप आणि ताण यांवर माफक उपयोग दिसला आहे. मात्र या चाचण्या थोड्या माणसांवर आणि बहुधा दोन-तीन महिन्यांच्याच आहेत, आणि अशा चाचण्यांत सहसा इतर औषधे न घेणारी माणसे निवडतात. आपण रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेणाऱ्या आहात. त्या ६४ जणांचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा लागू करता येत नाही.

‘नैसर्गिक असल्याने सांगितले नाही’ हे वाक्य मी प्रत्येक महिन्याला दोन-तीन पत्रांत वाचतो. रस्त्यांच्या दुभाजकांवर फुललेली कण्हेर नैसर्गिकच आहे आणि तिचे पान पोटात गेले तर हृदयाची लय बिघडते. धोतरा तर अश्वगंधाच्याच कुळातला. काष्ठौषधी आणि डॉक्टरी गोळी यांची गाठ पडते, हे आपल्याकडील संशोधकांनाच पूर्वी आढळले आहे. १९९२ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी नोंदवले की फिटसाठी फेनिटॉइन घेणाऱ्या दोन रुग्णांनी सोबत शंखपुष्पीचे आयुर्वेदिक औषध सुरू केल्यावर त्यांच्या आटोक्यात असलेल्या फिट पुन्हा येऊ लागल्या. मग उंदरांवर प्रयोग केला तेव्हा त्या औषधाने फेनिटॉइनची रक्तातील पातळी घटल्याचे दिसले. शंखपुष्पी वाईट म्हणून हे घडले नाही. ती काम करते म्हणून घडले.

यकृताविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. अश्वगंधा घेणाऱ्या काही व्यक्तींना, बहुधा सुरुवात केल्यापासून दोन ते बारा आठवड्यांत, कावीळ आणि अंगभर खाज असा त्रास झाल्याच्या नोंदी अनेक देशांतून आल्या आहेत. औषध थांबवल्यावर बहुतेक जण बरे झाले. हे प्रमाण विरळ आहे. तरीही लघवी गडद पिवळी होणे, डोळे पिवळे दिसणे, पुरळ नसताना खाज सुटणे किंवा भूक मेल्यासारखी वाटणे यांपैकी काही झाले असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, म्हणजे ते यकृताची तपासणी जोडून घेतील. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदीच घातली. मला ते टोकाचे वाटते, परंतु थायरॉईड आणि इतर संप्रेरकांवरील परिणाम हाही तेथील चिंतेचा एक विषय होता, हे आपण लक्षात घ्यावे. गरोदर स्त्रियांनी ती घेऊ नये, याबद्दल मात्र दुमत नसावे.

तपासणीला जाण्यापूर्वी गमीच्या डबीवरील बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचा आणि त्यांत बायोटिन आहे का ते पाहा. केस, त्वचा आणि ताण असे तिन्ही साधण्याचा दावा करणाऱ्या गमींत ते पुष्कळदा असते. बायोटिनमुळे शरीराला सहसा अपाय होत नाही, पण रक्त तपासण्याच्या काही पद्धतींत ते ढवळाढवळ करते आणि थायरॉईड ठीक असतानाही टीएसएच खोटे कमी व टी-फोर खोटे जास्त दाखवू शकते. मे २०२४ मध्ये नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर खळबळ उडाली, ते आपल्याला आठवत असेल. नंतर यंत्राचा संवेदकच बिघडलेला निघाला. बायोटिन घेऊन दिलेले रक्त अशीच फसगत करू शकते. म्हणून डबीवर ते असल्यास प्रयोगशाळेत आणि डॉक्टरांना तसे सांगा, आणि ते बंद करून किती दिवसांनी रक्त द्यायचे ते विचारून घ्या. साधारणपणे दोन-तीन दिवसांचे अंतर पुरते. पहिला अहवाल बिघडलेला आला आणि डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली किंवा तशीच ठेवली, तरी सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागेल, कारण थायरॉक्सिन शरीरातून सावकाश उतरते. त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. अश्वगंधा आज थांबवून उद्या हात स्थिर होईल, अशी अपेक्षा ठेवू नका.

जाता जाता गोळी घेण्याच्या वेळेविषयी : ती पाण्याबरोबर, न्याहारी आणि चहा यांच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवायची असते. आपण हे पाळत असालच.

जटामांसीबद्दल माझे मत अधिक कडक आहे. ती हिमालयात तीन हजार मीटरहून उंच जागी उगवणारी, मुळासकट उपटली जात असल्याने अतिसंकटग्रस्त ठरलेली वनस्पती आहे आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९७ पासून निर्बंध आहेत. इतक्या दुर्मीळ मुळाची पूड बाजारात सुटी मिळते तेव्हा तिच्यात तत्सम वासाची दुसरी मुळे किती, हे पूड पाहून दुकानदारालाही सांगता येणार नाही. इतवारीतील जुन्या दुकानदारांना माल कळतो, याबद्दल मला आदरच आहे. पण कळतो तो अख्खे मूळ हातात घेऊन, दळलेल्या पुडीत नव्हे. शिवाय जटामांसी गुंगी आणणारी आहे. तिच्यासोबत आपण सासूबाईंची झोपेची गोळी घेतली, तीही दोनदा. ताई, या पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट मला हीच वाटली. या वर्गातील गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी आहे, त्यांची सवय लागते, आणि गुंगीवर गुंगी चढली की रात्री उठताना माणूस पडतो. गोळ्या मोजून घरात बंद कप्प्यात ठेवा. त्या सासूबाईंच्या हाती पडू नयेत हेही महत्त्वाचे आहे. विसराळू माणूस घेतलेली गोळी पुन्हा घेतो. आणि त्या गोळीमुळेच त्यांचा विसराळूपणा वाढला नाही ना, हे त्यांच्या डॉक्टरांना अवश्य विचारा. या गोळ्यांमुळे वृद्धांची स्मृती मंदावते, हे चांगले ठाऊक असलेले सत्य आहे, आणि तसे निघाले तर आपल्या ताणाचे एक कारण घरातल्या घरात सुटू लागेल.

आपल्या दोन डब्यांपैकी एक औषध आहे आणि दुसरी कायद्याने औषध नाही, हे आपल्या लक्षात आले नसेल. आयुर्वेदिक कॅप्सूल १९४० च्या औषध कायद्याखाली, राज्याच्या परवान्याने बनते आणि तिच्यावर तो परवाना क्रमांक असतो. गमी मात्र अन्नसुरक्षा कायद्याखालील पूरक आहार असतात. त्यांच्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक आणि कुठेतरी कोपऱ्यात ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाचे वाक्य असते. ताण घालवण्यासाठी म्हणून विकायचे आणि औषधी वापरासाठी नाही असे छापायचे, ही कसरत मला वर्षानुवर्षे गमतीची वाटत आली आहे. डबीवर अर्क मुळाचा की पानांचा तेही पाहा. पाने त्यात घालू नयेत, अशी सूचना केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना दिली होती; नुसतेच ‘अश्वगंधा अर्क’ लिहिलेले असेल तर ती डबी घेऊ नये.

आपल्या यजमानांनीही गमी थांबवाव्यात. अश्वगंधा रक्तातील साखर आणि रक्तदाब थोडा खाली आणू शकते. गोळ्या चालू असताना त्यांवर हा भार कशाला? गमीत साखर असते ती निराळीच. आपण पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात की ते दिवसाला आठ-दहा खर्रे (सुपारी-तंबाखूच्या पुड्या) खातात. मग ताण घालवण्यासाठी त्यांना बाहेरून काही आणण्यापेक्षा तोंडात जाणारे आधी कमी करावे लागेल, कारण तंबाखूतील निकोटीन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते, झोप मोडते, आणि त्याचा असर उतरताना होणारी बेचैनी माणसाला ताण वाटते. मग तो पुन्हा पुडी उघडतो. खर्रा सोडण्यासाठी मदत मिळते. सरकारी दंत महाविद्यालयात विचारले तरी मार्ग दाखवतील.

आता आपल्या मूळ ताणाकडे येतो, कारण थायरॉईड सुधारले तरी ठेवीदार येणारच आहेत. शाखेत येणाऱ्या प्रत्येकाबरोबर चहा होतो आणि दिवसाला सहा-सात कप होतात, असे आपण लिहिले आहे. चहातील कॅफीन निम्मे उतरायला सुमारे पाच तास लागतात. दुपारी चारनंतरचा कप रात्री दहालाही अंगात असतो. चारनंतर ताक घ्या, लिंबूपाणी घ्या, आलेल्या माणसाला तेच द्या. उन्हाळ्यात कोणाला वाईट वाटणार नाही. पहाटे जाग आली की घड्याळ पाहू नका आणि अर्धा तास कूस बदलत पडून न राहता उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा. डोळे जड झाल्यावरच परत या. रोज उठण्याची वेळ मात्र रविवारीसुद्धा एकच ठेवा. हे सांगायला सोपे आणि करायला कंटाळवाणे आहे, पण निद्रानाशावर गोळीच्या आधी हेच उपाय शिकवले जातात आणि त्यांचा उपयोग गोळीपेक्षा जास्त टिकतो.

मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला आपण बिचकता, कारण नागपुरात त्या शब्दाबरोबर लोकांच्या तोंडी अजूनही ‘पागलखाना’ येतो. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात बाह्यरुग्ण म्हणून येणाऱ्यांत झोप आणि चिंता यांच्या तक्रारी घेऊन येणारे पुष्कळ असतात. तेही नको वाटले तर १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनाशुल्क, मराठीत बोलता येते.

दुसरा अहवाल ठीक आल्यानंतरही अश्वगंधा घ्यावीशी वाटली तर सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद रुग्णालयातील किंवा आपल्या ओळखीच्या पदवीधर वैद्यांना थायरॉईडच्या गोळीसह सर्व सांगा. त्यांनी द्यावी म्हटले, तर आपल्या डॉक्टरांना कळवून, एकच प्रकार, कमी मात्रेत आणि ठरावीक मुदतीनेच घ्या. माझे स्वतःचे मत विचाराल तर गोळी चालू असताना आपण तिच्या वाटेला जाऊ नये.

जाऊबाईंचे मन मोडवत नाही, असेही आपण लिहिले आहे. त्यांना सांगा की डॉक्टरांनी रात्रीचे दूध फक्त वेलदोडा घालून घ्यायला सांगितले आहे, आणि रविवारी डोक्याला ब्राह्मीचे तेल मात्र त्यांच्याच हातचे हवे. त्या तेलाची थायरॉईडच्या गोळीशी गाठ पडत नाही.